समन्स चिकटवलं ते कुणाच्या दारावर? : वाटपाच्या एका दाव्याचा प्रकरण अभ्यास

दाव्याची फाईल माझ्याकडे आली तेव्हा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकाली हुकूम, होऊन दोन वर्षं होत आली होती. पक्षकार होत्या आक्का. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माहेरवाशीण, कऱ्हाडला दिलेल्या. वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा एक तृतीयांश हिस्सा दिवाणी न्यायालयानं मान्य केला होता. आता धाकट्या भावानं तो हुकूमनामा रद्द करायचा अर्ज दिला होता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. पिशवीतून कागद काढताना म्हणाल्या, "वकीलसाहेब, केस जिंकलेली आहे. फक्त एवढा एक अर्ज तेवढा काढून टाका."

अर्ज काढून टाकता आला नाही. हुकूमनामाच गेला.

आधी एक खुलासा. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून तारखा आणि खाणाखुणा बदलल्या आहेत, आणि अशाच आणखी दोन फायलींमधले काही तपशील यात मिसळले आहेत. कायद्याचा भाग मात्र जसाच्या तसा आहे.

हिश्शाबद्दल खरं तर वादच नव्हता. वडील २००९ मध्ये गेले, आई त्याआधीच. हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली, त्यामुळे दोन भाऊ आणि एक बहीण असे तीन सारखे हिस्से. वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असणं गरजेचं आहे की नाही, यावर बरीच वर्षं घोळ चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तोही मिटवला. आमच्या फायलीत तो प्रश्नच नव्हता, कारण वडील २००५ नंतर वारलेले. म्हणजे कायदा, कागद, सातबारा, वारसांची नोंद, सगळं आक्कांच्या बाजूचं. एवढ्या भक्कम दाव्यात पाय घसरला तो पहिल्या पानावर, प्रतिवादी क्रमांक २ च्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, पत्त्यात.

पत्ता लिहिला होता गावच्या घराचा. थोरला भाऊ गावी राहतो, सगळी जमीन तोच कसतो. धाकटा मात्र १९९० च्या दशकातच मुंबईला गेलेला. आधी लालबागला एका नातेवाइकाकडे, मग लग्न झाल्यावर डोंबिवलीला स्वतःची खोली. गावी यायचा तो जत्रेला आणि गणपतीला. पण आपल्याकडे गावच्या माणसाला पत्ता विचारा, तो गावचाच सांगतो. मुंबईत तीस वर्षं काढलेला माणूसही "मूळ गाव" म्हणून तोच सांगेल. दाव्यातही तेच झालं. आधीच्या वकिलांनी आक्कांना विचारलं, "भावांचा पत्ता?" आणि आक्कांनी दोघांचा मिळून एकच पत्ता दिला. टायपिस्टनं खाली लिहिलं: "प्र. क्र. १ व २ दोघे रा. सदर."

"दोघे रा. सदर" या तीन शब्दांची किंमत साडेचार वर्षं निघाली.

चार ओळींचा अहवाल

दावा दाखल झाला मार्च २०१६ मध्ये. प्रोसेस फी आणि बेलिफ भत्ता भरला, समन्स निघाली, न्यायालयाच्या नाझर विभागातून बेलिफाकडे, म्हणजे समन्स नेऊन देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, गेली. एप्रिलमध्ये बेलिफ गावी जाऊन आला. थोरल्याचं समन्स थोरल्यानं स्वतः सही करून घेतलं. धाकट्याच्या समन्सावर बेलिफाचा अहवाल असा होता:

"प्र. क्र. २ हे गावी मिळून आले नाहीत. भावजय यांनी ते मुंबईस असतात असे सांगून समन्स घेणेस नकार दिला. सबब समन्सची प्रत राहते घराचे दरवाजास चिकटवली. अहवाल सादर."

मी हा अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हाच अर्जाचं भवितव्य मला बऱ्यापैकी कळलं. दुसऱ्या वाक्यात म्हटलंय की माणूस मुंबईला असतो. तिसऱ्या वाक्यात त्याच घराला त्याचं "राहते घर" म्हटलंय. दोन्ही एकदम खरं कसं असेल? बेलिफाला दोष देऊन उपयोग नाही. "राहते घराचे दरवाजास" हा त्याच्या हातातला नेहमीचा शब्दप्रयोग. शेकडो अहवालांत तो तसाच उतरतो. पण कायद्याचा सगळा भार नेमका त्याच शब्दावर आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५ नियम १७ चिकटवून बजावणीला परवानगी देतो, पण ती अशी सहजासहजी देत नाही. प्रतिवादीनं किंवा त्याच्या वतीनं समन्स घेऊ शकणाऱ्यानं सही नाकारली पाहिजे. किंवा पुरेशी धडपड करूनही तो सापडला नाही, घरी नाही, वाजवी वेळात घरी सापडायची शक्यता नाही, आणि त्याच्या वतीनं घेणारं कुणी नाही, असं असलं पाहिजे. मगच समन्स दरवाजावर लावायचं. तो दरवाजा हवा प्रतिवादी सामान्यतः जिथं राहतो किंवा धंदा करतो त्या घराचा. शिवाय बेलिफानं लिहायचं की कोणत्या परिस्थितीत चिकटवलं, घर कुणी ओळखवून दिलं आणि कुणासमक्ष चिकटवलं. आमच्या अहवालात घर ओळखवणाऱ्याचं नाव नाही, साक्षीदार नाही, वेळ नाही. पोलीस पाटलाची सही घेतली असती तरी थोडी लाज राखली गेली असती.

मग भावजयीचं काय? नियम १५ प्रमाणे प्रतिवादी घरी नसेल तर कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येतं. पूर्वी हा नियम फक्त पुरुष सदस्यापुरता होता. १९७६ च्या दुरुस्तीनंतर स्त्री असो वा पुरुष, चालतं. नोकर मात्र कुटुंबात धरत नाहीत. पण नियमातले खरे महत्त्वाचे शब्द पुढचे आहेत: "त्याच्यासोबत राहणारी" व्यक्ती. वहिनी गावी, दीर डोंबिवलीला. त्यामुळे तिनं समन्स हातात घेऊन सही केली असती, तरी ती धाकट्यावरची बजावणी झाली नसती. जिला घेण्याचा अधिकारच नाही, तिच्या नकाराला नकार म्हणत नाहीत. ही गोष्ट मी आक्कांना तीनदा समजावली. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच: "पण ती घरातलीच ना!"

बेलिफाबरोबरच रजिस्टर पोस्टानंही समन्स पाठवलं होतं. ते पाकीट मे महिन्यात परत आलं. पोस्टमननं शेरा मारला होता: "मुंबईस असतात, सबब परत." या शेऱ्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. नियम ९ प्रमाणे पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा असता तर न्यायालय बजावणी झाली असं जाहीर करू शकलं असतं. लोकांत एक समज घट्ट आहे की समन्स घेतलंच नाही तर केस चालत नाही. तो साफ चुकीचा आहे. पत्ता बरोबर असताना पाकीट नाकारणारा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. धनादेशाच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सांगितलं, की बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस पोचली असं गृहीत धरता येतं. त्या गृहीतकाचा पाया १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ आहे. आणि त्या कलमाची पहिली अट पत्ता बरोबर असण्याची. "मुंबईस असतात" हा शेरा म्हणजे पोस्ट खात्यानं फुकटात दिलेली माहिती होती, की पत्ता चुकला आहे.

रोजनाम्यातली एक ओळ

जुलै २०१६ चा रोजनामा, म्हणजे दाव्यात त्या दिवशी काय झालं याची न्यायालयाची नोंद: "प्र. क्र. १ वकिलांसह हजर. प्र. क्र. २ यांस समन्स लागले. पुकारले असता गैरहजर. दावा त्यांचेविरुद्ध एकतर्फी चालावा."

या ओळीवर मी थोडा जास्त थांबणार आहे. बजावणीच्या प्रकरणांत सगळे बेलिफाकडे बोट दाखवतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

समन्स चिकटवून परत आलं की नियम १९ लागतो. बेलिफानं अहवाल शपथपत्रावर दिला नसेल तर न्यायालयानं त्याला शपथेवर तपासलंच पाहिजे. दिला असेल तर तपासायचं की नाही ते न्यायालयाच्या मर्जीवर. त्यानंतर न्यायालयानं एक तर "रीतसर बजावणी झाली" असं जाहीर करायचं, नाहीतर पुढचा आदेश द्यायचा. म्हणजे चिकटवलेलं समन्स आपोआप "लागत" नाही. न्यायाधीशानं मन लावून ते लागलं असं ठरवावं लागतं. आमच्या फायलीत अहवाल शपथपत्रावर नव्हता, बेलिफाची तपासणी नव्हती, आणि जाहीर करणारा स्वतंत्र आदेशही नव्हता. होते ते रोजनाम्यातले चार शब्द.

असं का होतं? तालुका कोर्टाच्या बाजूनंही सांगायला हवं. सकाळच्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असतात. बेलिफ अहवालांचा गठ्ठा क्लार्ककडून येतो. समोर वादीचे वकील उभे, "साहेब, सर्व्ह्ड आहे" म्हणतात. वादीच्या वकिलाच्याही डोक्यावर टांगती तलवार असते. समन्स न बजावता परत आलं आणि सात दिवसांत नव्या समन्सासाठी अर्ज केला नाही, तर आदेश ९ नियम ५ खाली दावा त्या प्रतिवादीपुरता काढून टाकला जाऊ शकतो. त्यामुळे "समन्स लागलं" हे ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटतं. वादीला, वकिलाला, कोर्टाला. ज्याला बरं वाटणार नाही तो डोंबिवलीला असतो.

आणखी एक गोष्ट मी फाईल चाळताना शोधली, आणि खरं सांगायचं तर ती सापडली तेव्हा फाईल बंद करून चहाला गेलो. आदेश ५ चा नियम २ म्हणतो की प्रत्येक समन्साबरोबर वादपत्राची, म्हणजे वादीनं दिलेल्या दाव्याच्या अर्जाची, प्रत जोडलेली पाहिजे. प्रतिवादी क्रमांक २ साठी काढलेली वादपत्राची प्रत न्यायालयाच्याच फाईलमध्ये, परत आलेल्या पाकिटामागे, टाचून ठेवलेली होती. दरवाजावर चिकटलं होतं ते फक्त समन्साचं एक पान.

थोरल्या भावानं वकीलपत्र दिलं, पण कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. न्यायालयानं वाट पाहिली, मग त्याच्याविरुद्ध विनाकैफियत आदेश केला. त्यानं धाकट्याला का कळवलं नाही, हे मला अजूनही नीटसं उमगलेलं नाही. माझा अंदाज असा की कसणाऱ्याला वाटप लांबणं सोयीचं असतं, आणि एकाला समन्स न लागणं हे लांबण्याचं साधन असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये आक्कांची एकटीची साक्ष होऊन हुकूमनामा झाला.

बांधावरच्या शेजाऱ्याचा फोन

शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला की जमिनीचा कस बघून प्रत्यक्ष सरस-निरस वाटप दिवाणी न्यायालय करत नाही. संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख, मग मोजणी. डिसेंबर २०१९ मध्ये मोजणीच्या नोटिसा निघाल्या. मोजणीत लगतच्या कब्जेदारांनाही नोटीस जाते. तशी ती बांधावरच्या शेजाऱ्याला गेली, आणि त्यानं फोटो काढून डोंबिवलीला पाठवला: "तुमच्या वाटणीची मोजणी आहे, येताय ना?"

ज्या माणसापर्यंत न्यायालयाचं समन्स साडेतीन वर्षांत पोचलं नाही, त्याच्यापर्यंत शेजाऱ्याचा फोटो एका मिनिटात पोचला.

धाकटा गावी आला, फाईलच्या नकला काढल्या, आणि नोटिशीचा फोटो मिळाल्यापासून तेविसाव्या दिवशी आदेश ९ नियम १३ खाली अर्ज दाखल केला. हा दिवसांचा हिशेब महत्त्वाचा. मुदत कायदा १९६३ चा अनुच्छेद १२३ सांगतो की एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला मुदत ३० दिवसांची, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. पण समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हे ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजायचे. त्या अनुच्छेदाखाली एक स्पष्टीकरण आहे, जे बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून सुटतं: आदेश ५ नियम २० खालची पर्यायी बजावणी, म्हणजे न्यायालयाच्या आदेशानं वर्तमानपत्रात जाहिरात वगैरे, या कारणासाठी रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणून जाहिरात देऊन मोकळं झालं की मुदतीच्या बाजूनं आपण सुरक्षित, असं वादीनं समजू नये.

त्याला अपिलाचाही रस्ता मोकळा होता. एकतर्फी हुकूमनाम्यावर कलम ९६(२) खाली थेट अपील चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका वाटपाच्या दाव्यात म्हटलं, की नियम १३ चा अर्ज करण्यात गेलेला वेळ अपिलाच्या विलंब माफीसाठी पुरेसं कारण ठरू शकतो. त्यानं अर्जाचाच मार्ग धरला, आणि बरोबर धरला. त्याचं म्हणणं हिश्शाबद्दल नव्हतंच, "मला बोलावलंच नाही" एवढंच होतं.

वास्तुशांतीची पत्रिका आणि कुटुंबाचा ग्रुप

माझ्याकडे आक्कांच्या बाजूनं दोन हत्यारं होती. पहिलं रेशनकार्ड. धाकट्याचं नाव गावच्या रेशनकार्डावर अजून होतं, मतदार यादीतही. मी जोर लावला: कुटुंब एकत्र, शिधापत्रिका एक, मतदान गावी, मग घर त्याचं नाही कसं?

समोरच्या वकिलांनी त्यावर काही युक्तिवाद केला नाही. त्यांनी आक्कांच्या उलटतपासात एक पत्रिका दाखवली. २०११ मधल्या डोंबिवलीच्या खोलीच्या वास्तुशांतीची. खाली पूर्ण पत्ता, इमारतीचं नाव, मजला, पिनकोड.

"ही पत्रिका तुम्हाला आली होती?"

"आली होती की."

"तुम्ही गेला होतात?"

"जाणार नाही तर काय? भावाचं घर झालं. भावजयीला साडी नेली, त्याला टोपी-टॉवेल."

आक्का साक्षीच्या पिंजऱ्यात खोटं बोलल्या नाहीत, याचा मला वकील म्हणून त्रास झाला आणि माणूस म्हणून बरं वाटलं. पत्रिका पुरावा म्हणून निशाणीवर गेली. पाठोपाठ आहेराची साडी नेसलेल्या भावजयीबरोबरचा फोटोही. वादीला खरा पत्ता माहीत होता आणि वादपत्रात तो लिहिला नाही, हे सिद्ध झालं. रेशनकार्डावर नाव असणं आणि घरात राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं न्यायालयानं एका वाक्यात निकाली काढलं.

दुसरं हत्यार जास्त धारदार होतं. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. २०१७ च्या गणपतीच्या आधी आक्कांच्या मुलानं त्यावर लिहिलं होतं: "मामा, आईने कोर्टात दावा लावलाय, एकदा बसून बोलून घ्या." त्यावर धाकट्यानं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं. आम्ही ते तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रासह दाखल केलं. उलटतपासात त्यानं चिन्ह टाकल्याचं कबूल केलं. म्हणाला, "मला वाटलं घरातल्या घरात बोलायचं म्हणतायत."

आदेश ९ नियम १३ ला एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट, आहे, ते अशाच लोकांसाठी. बजावणीत नुसती अनियमितता होती एवढ्यावरून हुकूमनामा रद्द करायचा नाही, जर प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर राहून उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता असं न्यायालयाला पटलं तर. समन्स टाळत फिरणाऱ्यांना रोखायला ते बसवलं आहे. माझा सगळा युक्तिवाद या परंतुकावर उभा होता.

तो पडला एका शब्दावर: तारीख. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुशील कुमार सभरवाल प्रकरणात स्पष्ट केलं आहे की या परंतुकासाठी दावा प्रलंबित असल्याची माहिती पुरत नाही, सुनावणीच्या तारखेची माहिती लागते. त्या प्रकरणातही बजावणीत उणिवा होत्या आणि समन्साबरोबर वादपत्राची प्रत नव्हती. मला ते वाचताना आमचीच फाईल दिसत होती. भाच्यानं त्या संदेशात "पुढची तारीख अमुक, अमुक कोर्टात" एवढं लिहिलं असतं तर निकाल कदाचित आमच्या बाजूनं गेला असता. २०१८ मध्ये ऑटो कार्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच जाहीर समन्साच्या बाबतीत सांगितलं: हजर राहायचा निश्चित दिवस, तारीख, वर्ष, वेळ नसलेलं समन्स कायद्याला धरून नाही.

काहींना हा कायद्याचा कीस वाटतो. मला तसा वाटत नाही. "तुझ्यावर केस आहे" हे कळणं म्हणजे गावातली बातमी. "१४ तारखेला सकाळी साडेदहाला ये" हे कळणं म्हणजे बोलावणं. लग्नाचंसुद्धा तसंच आहे. लग्न ठरल्याचं कळलं म्हणजे आमंत्रण आलं असं कुणी मानत नाही.

हुकूमनामा गेला, तो सगळ्यांविरुद्ध

ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ज मंजूर झाला. आक्कांनी विचारलं, "धाकट्यापुरता रद्द झाला ना? थोरल्याकडचा माझा वाटा तरी मिळेल?" नाही. नियम १३ मध्येच तरतूद आहे की हुकूमनामा एकाच प्रतिवादीपुरता रद्द करता येण्यासारखा नसेल तर तो इतरांविरुद्धही रद्द करता येतो. वाटपाचा हुकूमनामा हे त्याचं शाळेतलं उदाहरण. एका भावाचा हिस्सा अधांतरी ठेवून दुसऱ्याचा कापता येत नाही. मोजणी थांबली. ज्या थोरल्यानं समन्स घेऊनही कैफियत दिली नव्हती, तो आयता पुन्हा रिंगणात आला. त्याला कैफियत देण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागला, एवढंच समाधान. धाकट्याला पाच हजार रुपये खर्च आक्कांना द्यायला लावला, कारण दाव्याची कुणकुण असूनही त्यानं चौकशी केली नव्हती.

या आदेशावर अपील नसतं. आदेश ४३ प्रमाणे असा अर्ज फेटाळला तर अपील चालतं. मंजूर झाला तर उच्च न्यायालयात रिट वगैरे मार्ग उरतात. आक्कांचा मुलगा रिट करू म्हणत होता. मी नको म्हटलं. फायलीत टाचलेली ती वादपत्राची प्रत उच्च न्यायालयातही दिसलीच असती, आणि त्यात आणखी दोन वर्षं गेली असती.

काय करायला हवं होतं

फार काही नाही. वादपत्रात डोंबिवलीचा पत्ता लिहायचा. हवं तर "मूळ गाव" म्हणून गावचाही. प्रतिवादी दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत राहत असेल तर आदेश ५ च्या नियम २१ प्रमाणे समन्स तिथल्या न्यायालयाकडे पाठवता येतं. इथं कल्याणच्या दिवाणी न्यायालयाकडे. तिथला बेलिफ जाऊन देईल. जोडीला पोस्टानं पाठवायचं. वेळ वाचवायचा असेल तर नियम ९-अ खाली वादी स्वतःच्या हातानं समन्स बजावण्याची परवानगी मागू शकतो; त्याला आपण दस्ती म्हणतो. आक्कांनी भाऊबीजेला जाताना ते नेलं असतं तरी कायद्यात बसलं असतं, नात्यात बसलं नसतं ती गोष्ट वेगळी.

हल्ली विचारतात की हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०१७ मध्ये एका चित्रपटाच्या स्वामित्वहक्काच्या दाव्यात आणि २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या वसुलीच्या दरखास्तीत व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेले कागद ग्राह्य धरले. दुसऱ्यात तर पाठवलेली फाईल उघडल्याची खूणही दिसत होती. जुलै २०२० मध्ये कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि अशा संदेश सेवांना वाट करून दिली. बेलिफांच्या हाती आता एनस्टेप नावाचं मोबाईल अ‍ॅप आहे, त्यात जागेचं जीपीएस स्थान नोंदलं जातं. बेलिफ गावी गेलाच नाही आणि कोर्टाच्या कट्ट्यावर बसून अहवाल लिहिला, हे त्यानं कमी होईल. आमचा बेलिफ मात्र गावी गेला होता. त्याचं जीपीएसही बरोबर त्या घरावरच उमटलं असतं. चुकीच्या घरावर, अगदी अचूक.

म्हणून माझ्या टेबलावर आता एक साधा नियम आहे. प्रत्येक प्रतिवादीबद्दल पक्षकाराला तीन प्रश्न: आज रात्री हा माणूस कुठं झोपेल? त्याच्या लग्नाची, वास्तूची, बारशाची शेवटची पत्रिका तुम्हाला कुठून आली? आणि फोन केला तर उचलेल का? तिसऱ्या प्रश्नावर पक्षकार बहुतेक वेळा गप्प होतात. दाव्यापर्यंत आलेल्या घरांत फोन बंद झालेले असतात, पत्रिका मात्र येत राहतात.

दावा पुन्हा सुरू झाला. धाकट्यानं कैफियतीत आक्कांचा हिस्सा मान्य केला. त्याचं भांडण विहिरीलगतच्या तुकड्यावर होतं. पुरावा सुरू व्हायच्या बेतात थोरला वारला. आता त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायला हवेत: वहिनी, दोन मुलं, एक मुलगी. मुलं पुण्यात. मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला. तिच्यावरची बजावणी आणखी लांबची. भारत २००७ पासून परदेशी बजावणीच्या हेग करारात आहे आणि अमेरिकाही त्यात आहे, तेव्हा त्या वाटेनं गेलं तर विनंती तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे जाईल, ठरलेल्या नमुन्यात, आणि महिने लागतील.

मी आक्कांना पुतणीचा पत्ता विचारला. त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढली, बारशाची, गेल्या वर्षीची. पत्ता इंग्रजीत होता, खाली बोट ठेवून त्यांनी अक्षर अक्षर वाचायला सुरुवात केली. मी लिहून घेत होतो. अर्ध्यावर त्या थांबल्या.

"त्यांनी मध्ये घर बदललंय म्हणत होती थोरली वहिनी. थांबा साहेब, तिला फोन लावते."

कोर्टकज्ज्यामुळे सहा वर्षं न लावलेला नंबर त्यांनी शोधायला घेतला.